नेरळचं इंजिन आणि मुळशीचे मामा

शेडमध्ये 740 नंबरचं इंजिन थंडगार उभं आहे. बाहेर लेटन बझर्डचा रविवार, आत तेलाचा आणि ओल्या कोळशाचा वास.

"अरे, हे खरंच आपल्या नेरळचं?" मामा तिसऱ्यांदा विचारतात.

खरंच. अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी वडिलांच्या, सर आदमजींच्या पैशावर नेरळहून माथेरानला रूळ नेले. 1907 साली ती गाडी सुरू झाली, तिच्यासाठी जर्मनीच्या ओरेनश्टाइन आणि कोपेल कारखान्यातून आलेल्या चार इंजिनांपैकी हे एक. घाटात डिझेल आलं आणि हे फिरत फिरत इंग्लंडला पोचलं. इथला रूळही दोन फुटीच. 1919 पासून त्यावरून वाळू वाहत. आता हौशी मंडळी गाडी चालवतात, बहुतेक बिनपगारी.

आज बॉयलर धुताहेत. एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ लांब पान्यानं खालचं बूच सोडवतात, नळीचं पाणी जोरात आत घुसतं आणि तपकिरी गढूळ होऊन बाहेर येतं. त्यातून क्षाराचे पापुद्रे निघतात. एक उचलून ते मामांच्या तळहातावर ठेवतात. हा थर साचला की आगीची धग पाण्यापर्यंत पोचत नाही आणि पत्रा जळतो, असं बजावतात.

इंजिनाखाली एक मुलगी उताणी पडून, बॅटरीच्या उजेडात जुनं ग्रीस खरवडते आहे. मीही वाकतो. इंजिनाचा आराखडा एव्हरार्ड कॅलथ्रॉपचा, पण सगळी हुशारी इथे, क्लीन-लिंडनर पद्धतीच्या आसांत आहे. पुढचा आणि मागचा आस दुहेरी: आतला भरीव, त्यावर पोकळ नळी. वळण आलं की आतला जागच्या जागी, नळी मात्र चाकांसकट जराशी तिरकी होते. माथेरानच्या वळणांसाठी केलेली ही सोय ती मुलगी चिंधीनं पुसून लख्ख करते आहे. आपल्याकडे म्हाताऱ्या इंजिनाला चौथऱ्यावर बसवतात आणि रंग मारतात. रंगाखाली काय उरलंय, ते बघायला कुणी वाकत नाही.

मामा गप्प. मग एकदम म्हणतात, "आमच्या मुळशीच्या खोऱ्यात गाडी आली ती गावं बुडवणाऱ्या टाटांच्या धरणाच्या कामावर. 1924 ला सेनापती बापटांनी रुळावर दगड टाकून अडवली तिला. आजोबांच्या तोंडी इंजिन म्हणजे शिवीच."

मी हे इंग्रजीत सांगतो. दाढीवाले गंभीरपणे ऐकून घेतात, मान हलवतात आणि मामांपुढे तेलाची झारी धरतात.

मामा एकदा झारीकडे, एकदा चाकाकडे बघतात. बाह्या वर सरकवतात.

"अहो, स्वेटर!" मामी ओरडतात. "सूनबाईनं कालच आणलाय."

"मग धर हा," म्हणत मामा स्वेटर काढून त्यांच्याकडे देतात आणि मला विचारतात, "कुठल्या भोकात घालायचं म्हणतोय तो?"