लहान गावांची नागरी यंत्रणा आणि लघु तंत्रोद्योग : पारनेरच्या निमित्ताने

केंद्र शासनाने २५ जून २०१५ रोजी ‘स्मार्ट सिटी मिशन’ सुरू केले व त्याखाली पुढे देशातील १०० शहरे निवडली. महाराष्ट्रातील आठ शहरांना त्यांत स्थान मिळाले. अहिल्यानगर त्यांत नव्हते. मग त्या जिल्ह्यातील पारनेरसारख्या तालुक्याच्या गावाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. ३१ मार्च २०२५ रोजी मिशनची मुदत संपली. निवडलेल्या शहरांतून एकात्मिक नियंत्रण कक्ष उभे राहिले. परंतु त्यांची कंत्राटे एवढ्या मोठ्या आकाराची होती की, दहा-वीस माणसांच्या तंत्रोद्योगाला त्यांत मुख्य कंत्राटदाराच्या हाताखालचे काम मिळाले तरी पुष्कळ झाले. लघु उद्योगाच्या दृष्टीने खरी संधी जेथे मिशन पोहोचलेच नाही अशा लहान गावांत आहे, असे म्हणावयास जागा आहे.

पारनेर हा पर्जन्यछायेतील तालुका. पाण्याचे मोजमाप ही कल्पना या परिसराला नवखी नाही. राळेगण सिद्धीचे पाणलोटाचे काम याच तालुक्यातले, आणि शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पावसाच्या नोंदीवरून पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची प्रथा आहे. तेथे माणसे जे वहीत लिहितात, तेच काम गावच्या पाणीपुरवठ्यात संवेदकाकडून, म्हणजे सेन्सरकडून, अहोरात्र करून घेता येते. त्यामुळे नागरी यंत्रणेच्या सुधारणेचा आरंभ येथे रस्त्यावरच्या कॅमेऱ्यापासून न होता पाण्याच्या टाकीपासून व्हावा, हे स्वाभाविक होय.

टाकीतील पातळी मोजण्याचे एक स्वस्त साधन म्हणजे ध्वनिलहरींचा संवेदक. तो टाकीच्या माथ्यावर बसवितात. त्यातून निघालेली लहर पाण्यावर आदळून परत येण्यास जो वेळ लागतो, त्यावरून अंतर निघते. परंतु हवेतील ध्वनीचा वेग तापमानाबरोबर बदलतो. २० अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर. वीस अंशांवर जुळवलेले व तापमानाची दुरुस्ती नसलेले यंत्र वैशाखातील दुपारी पाच मीटरचे अंतर सुमारे १७ सेंटिमीटरने कमी दाखवील. म्हणजे दोन लाख लिटरची, पाच मीटर खोलीची टाकी पूर्ण रिकामी असताना त्याच्या हिशेबी तिच्यात ६,८०० लिटर पाणी शिल्लक राहील! जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी ठरविलेल्या दरडोई ५५ लिटरच्या मानाने हे सव्वाशे माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. अशा कागदावरच्या पाण्याच्या भरवशावर वॉल्व्ह उघडणारा कर्मचारी शेवटच्या आळीतील बायकांना काय उत्तर देणार? तापमानमापकाची जोड दिल्यास हा दोष बहुतांशी जातो आणि तिला खर्चही फारसा येत नाही. मात्र ती द्यावयास हवी हे ज्याने येथला उन्हाळा पाहिला आहे त्याला आधी सुचते, आणि स्थानिक उद्योजकाचे बळ नेमके यात आहे.

पातळीचा आकडा कार्यालयापर्यंत नेण्यासाठी तारा ओढण्याचे कारण नाही. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठराविक शक्तीच्या मर्यादेत परवान्यावाचून वापरता येतो. त्यावर चालणारी ‘लोरा’ ही पद्धती अगदी थोडी माहिती अल्प विजेवर, मोकळ्या माळावर कित्येक किलोमीटरपर्यंत पाठविते. लहानसा सौरपट व बॅटरी एवढ्यावर यंत्र चालते. वीज गेली तरी नोंद खंडत नाही.

निधीच्या वाटाही आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या ‘अमृत २.०’ मध्ये सर्व वैधानिक शहरांचा समावेश असल्याने नगरपंचायतीही तिच्या कक्षेत आल्या, आणि २०२२ मध्ये याच योजनेखाली पाणी क्षेत्रातील नवउद्योगांसाठी प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची स्पर्धा जाहीर झाली. तत्पूर्वी, सप्टेंबर २०२० मध्ये, जल जीवन मिशननेही पाणीपुरवठ्याच्या मोजमापासाठी अशीच स्पर्धा ठेवली होती.

अडचण तंत्रापेक्षा व्यवहारात अधिक आहे. निविदेतील उलाढालीची व पूर्वानुभवाची अट नवख्याला दारातच अडविते. केंद्रीय खात्यांनी व उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे २०१२ च्या आदेशाचे आजचे रूप आहे. त्यात बयाणा रकमेची सूटही आहे. स्थानिक संस्थांवर तो आदेश थेट बंधनकारक नाही. देयकाच्या बाबतीत मात्र २००६ चा कायदा अधिक उपयोगी पडतो. करारात काहीही मुदत लिहिली तरी ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. याचा लाभ घ्यावयाचा तर करारापूर्वीच ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवणे हिताचे. शिवाय पुरवठा व उभारणी यांचे एकत्र कंत्राट झाल्यास हे संरक्षण मिळते की नाही, याविषयी न्यायालयांत वाद झालेले आहेत. म्हणून यंत्रांचा पुरवठा व बांधकाम यांचे करार शक्य तेथे वेगळे ठेवावेत.

राहिला देखभालीचा प्रश्न, आणि तो गौण समजला जातो हेच दुर्दैव. यंत्रखरेदीस एकदा निधी मिळतो. तिसऱ्या वर्षी बॅटरी बदलण्यास कोणत्या शीर्षाखाली पैसे घालावयाचे, हे अंदाजपत्रकात लिहिलेले नसते. नगरपंचायतीने यंत्रे विकत न घेता ‘चालू नोंदीमागे मासिक आकार’ या तत्त्वावर पाच वर्षांचा करार केल्यास, बंद पडलेल्या यंत्राचे पैसे द्यावे लागणार नाहीत आणि उद्योजकासही दरमहा निश्चित उत्पन्न राहील. पारनेर तालुक्यातच पुणे-अहिल्यानगर हमरस्त्यावर सुपे औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखान्यांत विद्युत् दुरुस्तीचे काम शिकलेल्या तरुणाला टाकीवर चढून संवेदक पुसणे व त्याची जुळणी तपासणे अवघड नाही. पुण्याहून माणूस बोलावल्यास तेवढ्याच कामाला एक दिवस जातो, आणि त्या दिवशी गावाला टाकीतील पाण्याचा पत्ता नसतो.