सिंहाविना सिंहनृत्य

जपानच्या अरण्यांत ऐतिहासिक काळात सिंह कधीच नव्हता. तरीही तेथील गावोगावच्या उत्सवांत शतकानुशतके सिंह नाचत आला आहे. या नृत्याला ‘शिशिमाई’ म्हणतात. ‘शिशि’ म्हणजे सिंह व ‘माई’ म्हणजे नृत्य. कधी न पाहिलेल्या प्राण्याला एका समाजाने इतके आपले का मानावे, असा प्रश्न सहजच मनात येतो.

या सिंहाचा माग काढू लागलो की आपण भारतापाशी येतो. बौद्ध परंपरेत बुद्धाला शाक्यसिंह म्हटले आहे, त्याच्या उपदेशाला सिंहनादाची उपमा दिली आहे आणि मंजुश्री बोधिसत्त्वाचे वाहनही सिंहच आहे. धर्माबरोबर ही प्रतिमा मध्य आशियातून चीन व कोरियात आणि तेथून जपानात पोहोचली. ‘निहोन शोकी’ या प्राचीन इतिहासग्रंथानुसार इ. स. ६१२ मध्ये कोरियातील बेक्जे राज्याच्या मिमाजी नामक कलावंताने ‘गिगाकू’ हे मुखवट्यांचे नृत्यनाट्य जपानात आणले. त्याच्या मिरवणुकीत सिंह असे. नारा येथील तोदाइजी मंदिराच्या शोसोइन या भांडारगृहात आठव्या शतकातील लाकडी सिंहमुखे आजही सुरक्षित आहेत.

शिशिमाईचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात दोन नर्तक मिळून एक सिंह होतो. पुढचा नर्तक लाखेने रंगविलेले लाकडी मस्तक पेलतो व त्याचा जबडा खटखट वाजवितो. मागचा कापडाखाली वाकून धडाचे काम करतो. नववर्षाला किंवा शरद ऋतूतील उत्सवात बासरी-ढोलाच्या साथीने हा सिंह दारोदार जातो. त्याने लहान मुलाचे डोके हलकेच चावले, तर इडापिडा टळते अशी श्रद्धा आहे. मूल भेदरून रडते आणि आईबाप समाधानाने हसतात! आपल्याकडील दृष्ट काढण्याच्या प्रथेमागेही हीच माया नाही काय?

दुसरा प्रकार पूर्व व ईशान्य जपानचा. येथे प्रत्येक नर्तक स्वतंत्र ‘शिशि’ असतो आणि कमरेचा ढोल स्वतःच वाजवितो. इवाते व मियागी या प्रांतांत तर त्याच्या मस्तकावर हरणाची शिंगे दिसतात. जुन्या जपानीत ‘शिशि’ हा शब्द शिकारीच्या प्राण्यांसाठी वापरीत. रानडुकराला आजही ‘इनोशिशि’ म्हणतात. अशा रीतीने परदेशी सिंह आणि रानातले ओळखीचे हरीण एकाच नावाखाली नांदू लागले. पितरांच्या स्मरणार्थही हे नृत्य केले जाते.

कोरियातील बुकचॉन्गचे सिंहनृत्य चांद्रवर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला होई. हे गाव आज उत्तर कोरियात आहे. युद्धकाळात दक्षिणेत आलेल्या निर्वासितांनी हे नृत्य जिवंत ठेवले आणि १९६७ साली दक्षिण कोरियाच्या शासनाने त्याला महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. गाव सुटले, परंतु सिंह सुटला नाही. पूर्वजांचे गाव सोडून दूर स्थिरावलेल्या आपल्यासारख्यांना यातील मर्म वेगळे सांगावयास नको.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी आली. मिनामिसानरिकू या गावातील एका वस्तीचे ढोल व पोशाख लाटेने वाहून गेले. ते ढिगाऱ्यात सापडले, तेव्हा मुलांनी ते स्वच्छ केले आणि पुन्हा नाच सुरू केला. घरेदारे गेलेल्या माणसांना ढोलाचा तो ओळखीचा ठेका ऐकून धीर आला.

आज जपानच्या खेड्यांत तरुणांची संख्या घटते आहे आणि अनेक मंडळांना नर्तक मिळत नाहीत. काही गावांनी, पूर्वी केवळ पुरुषांकडे असलेला हा मान मुलींना व बाहेरून आलेल्यांनाही दिला आहे. जो सिंह स्वतःच परदेशातून आला, त्याच्या नृत्यात नवागतांना स्थान मिळावे हे उचितच होय. सिंहमुख भांडारात शेकडो वर्षे टिकेल. नृत्य मात्र दरवर्षी कोणीतरी शिकविले आणि कोणीतरी शिकले, तरच टिकते.