ठोका अचूक, तारीख जुनी

29 जुलै 2017ची रात्र सरली आणि थंडरबोल्ट नावाची घड्याळे तारीख दाखवू लागली, 14 डिसेंबर 1997. सेकंद मात्र एकही चुकला नव्हता.

ट्रिंबल कंपनीचा थंडरबोल्ट म्हणजे धातूचा एक आटोपशीर डबा. आत एकाच तापमानावर राखलेला क्वार्ट्झ स्फटिक असतो. जीपीएस उपग्रहांमधल्या अणुघड्याळांशी ताडून डबा त्याची चाल सतत सुधारतो. दर सेकंदाला एक ठोका, 10 मेगाहर्ट्झची स्थिर लहर आणि सोबत तारीख-वेळ तो बाहेर देतो. टेलिफोन यंत्रणांमधून निघालेले असे कितीतरी डबे पुढे हौशी मंडळींच्या टेबलांवर आले.

मग तारीख का घसरली?

जीपीएसची कालगणना 6 जानेवारी 1980 रोजी सुरू झाली. जुन्या पद्धतीच्या संदेशात उपग्रह साल सांगत नाही, आठवड्याचा क्रमांक सांगतो. त्याला जागा फक्त 10 बिटांची, म्हणजे 0 ते 1023 आणि पुन्हा 0. जुन्या कागदावर शक न घालता नुसते ‘प्रभव संवत्सर’ लिहिले असेल, तर ते 1927चे की 1987चे हे कसे कळणार? इथेही तसेच आहे. शक संदेश घेणाऱ्या डब्याने, म्हणजे रिसीव्हरने, आपला आपण ठरवायचा.

थंडरबोल्टचा उंबरठा होता 936. त्याहून लहान क्रमांक आला की तो त्यात 1024 मिळवी. 936 किंवा मोठा आला की जसाच्या तसा धरी. म्हणून ऑगस्ट 1999मध्ये साऱ्या जीपीएसचे पहिले आवर्तन संपले, तेव्हा तो डगमगला नाही. 30 जुलै 2017 रोजी खरा आठवडा 1960वा होता. उपग्रहाने सांगितले 936. डब्याने ते 1997चे मानले.

एप्रिल 2019मध्ये दुसरे आवर्तन संपले, तेव्हा न्यूयॉर्क महापालिकेचे बिनतारी जाळे कोलमडले. त्या दिवसाची सूचना आधीपासून सगळ्यांना होती. थंडरबोल्टसारख्या रिसीव्हरची तारीख मात्र त्याच्या फर्मवेअरमध्ये दडलेली असते, आणि ती प्रत्येकाची वेगळी. वापरणाऱ्याने ती शोधून लिहून ठेवलीच पाहिजे.

हौशी मंडळींनी डबे फेकले नाहीत. ‘लेडी हेदर’सारख्या संगणक-प्रणाली आलेल्या तारखेत 1024 आठवडे मिळवून ती सुधारतात. ही बेरीज 14 मार्च 2037पर्यंत पुरेल. दुसऱ्या दिवशी 2048 मिळवावे लागतील. जीपीएसचे तिसरे आवर्तन संपायला तेव्हा आणखी वीस महिने असतील.