दवाखान्याच्या भिंतीवर काय असावे?

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींचा रक्तदाब दवाखान्यात नेहमी १६०-१७० भरायचा. मी गोळी वाढवली, तर त्यांना उठताना चक्कर येऊ लागली. घरी जाऊन मोजला, तर १२६! मी कोड्यात पडलो. गुरुजीच म्हणाले, "डॉक्टर, तासभर त्या काळ्या पडलेल्या फुप्फुसासमोर बसवता आणि मग पट्टा बांधता. दुसरे काय होणार?"

खरेच होते. बाकांसमोर मी रोगांचे तक्ते लावले होते. हेतू ज्ञान देण्याचा; मिळत होती भीती. डॉक्टरसमोर येताच रक्तदाब वाढणे तसे नवे नाही. मी त्यात भर घालत होतो.

अमेरिकेतील रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे २३ रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्या २३ रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. चित्र म्हणजे झाड नव्हे. पण नजरेला विसावा देता येतो.

शाळेतील चित्रकलेच्या सरांनी भिंतीवर नदीकाठ, वड, भाताची खाचरे रंगवली. पहिल्याच पावसाळ्यात ओलीने पोपडे निघाले. मग आधी गच्चीची गळती बंद केली, भिंत सुकू दिली आणि ऑइल पेंट वापरला. डोके टेकते तिथपर्यंत फरश्या बसवल्या. तेलाचे डाग साबणाच्या पाण्याने निघतात. चित्र त्याच्या वर, बसलेल्या माणसाला मान न ताणता दिसेल असे. भडक लाल रंग नाही, गर्दीत फुटेल अशी काच नाही. मुलांना मोजायला वडावर पोपट आहेत. तक्ते आता माझ्या टेबलाशेजारी असतात. तिथे ते समजावून सांगता येतात.

गुरुजींचा रक्तदाब चित्राने बरा झाला, असे मी म्हणणार नाही. घरच्या नोंदी पाहून गोळी कमी केली, बंद नाही. वाचकांनीही मनाने गोळी बंद करू नये. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू टाळावी, पाच मिनिटे शांत बसावे, मोजताना बोलू नये.

आपल्या गावच्या आरोग्य केंद्राला रंग द्यायचा असेल, तेव्हा एकदा रुग्णाच्या बाकावर बसून समोर पाहा. मला ते सुचायला वीस वर्षे लागली.