चार सेकंदांमागची माणसं



आजचा विषय आमच्या भिलाईच्या घरात, चहाच्या टेबलावर सुरू झाला. शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने फोन माझ्यापुढे धरला. अमेरिकेतली ड्रॅग रेस. एक लांबलचक, तिरकमठ्यासारखी गाडी उभी होती, दिवे लागले, स्फोटासारखा आवाज झाला आणि गाडी दिसेनाशी झाली. "काका, चार सेकंदसुद्धा लागले नाहीत!"

मी म्हटलं, मागे घे. अजून मागे. तिथे थांबव. गाडीपुढे एक माणूस हात वर करून उभा होता. "हा कोण?" मुलाला सांगता येईना. त्याने तो व्हिडिओ शंभरदा पाहिला असेल, पण हा माणूस त्याला दिसलाच नव्हता.

मी सैन्यात ईएमईमध्ये होतो. वाहनं, तोफा, रणगाडे दुरुस्त ठेवणारी ही शाखा. त्यामुळे माझी नजर आधी अशाच माणसांकडे जाते. आज त्यांच्याबद्दल बोलू.

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेतली शर्यत. वळण नाही, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, कोण आधी पार करतो ते बघायचं. सगळ्यात ताकदवान वर्गाला 'टॉप फ्युएल' म्हणतात. २००८ मध्ये स्कॉट कलिटा हा ड्रायव्हर अपघातात गेला, तेव्हापासून या वर्गाचं अंतर १००० फुटांवर, म्हणजे ३०५ मीटरवर आणलं आहे. तेवढ्यातसुद्धा वेग ताशी ५३० किलोमीटरच्या वर जातो. इंधन पेट्रोल नव्हे, जवळपास ९० टक्के नायट्रोमिथेन. चाकं तापवण्यापासून धरलं तर एका धावेला पन्नासएक लिटर लागतं.

आता गंमत बघा. या गाडीला गिअरबॉक्स नाही. इंजिन आणि मागची चाकं यांच्यामध्ये पाच-सहा चकत्यांचा क्लच असतो. तो कुठल्या क्षणी किती पकडायचा, हे ड्रायव्हर ठरवत नाही. तशी सवडच नसते त्याला. तंबूत बसून कोणीतरी टायमर आधीच लावून ठेवलेले असतात. ट्रॅक किती तापला आहे, हवा किती दमट आहे, मागच्या धावेत चाक कुठे सुटलं, हे पाहून तो हिशेब करतो. त्याला क्रू चीफ म्हणतात. जॉन फोर्स हे नाव या खेळात फार मोठं. त्याच्या पहिल्या १५ अजिंक्यपदांमागे क्रू चीफ म्हणून ऑस्टिन कॉइल होता, १९८५ ते २०१० अशी पंचवीस वर्षं. फोर्सचं नाव खेळ न बघणाऱ्यांनीही ऐकलेलं असतं; कॉइलचं नाव विचारा.

धाव संपली की गाडी ओढून आणतात आणि आठ-दहा माणसं तिच्यावर तुटून पडतात. तुटून पडतात म्हणजे गोंधळ नव्हे. एकाकडे डाव्या बाजूचं सिलिंडर हेड, दुसऱ्याकडे उजव्या बाजूचं. एक जण गाडीखाली उताणा, गरम तेल अंगावर घेत पिस्टन आणि बेअरिंग काढणारा. एकाकडे फक्त क्लच. तो काळ्या धुळीत माखलेला असतो, प्रत्येक चकतीची जाडी मोजतो, घासून पुन्हा सपाट करतो. एकाकडे इंधनाचं मिश्रण. एकाकडे मागचे दोन पॅराशूट, कारण एवढा वेग नुसत्या ब्रेकने थांबत नाही. तासाभरात अख्खं इंजिन उघडून, तपासून, पुन्हा जोडून सुरू करायचं. सराईत पथक पाऊण तासातही करतं.

नुसते भाग बदलले की झालं, असं मात्र नाही. निघालेला प्रत्येक भाग वाचावा लागतो. आठ सिलिंडरला सोळा स्पार्क प्लग असतात. कुठल्या प्लगचं टोक जास्त वितळलं, कुठलं बेअरिंग चेपलं, यावरून कुठल्या सिलिंडरला इंधन कमी पडलं ते कळतं. डॉक्टर जीभ बघतो ना, तसंच. आमच्या भिलाईच्या कारखान्यात रूळ बाहेर पडण्याआधी अल्ट्रासॉनिक लहरींनी त्याचं पोट तपासतात. गाड्या देशभर धावतात, लोकांना गाडीचं नाव माहीत असतं. तपासणारा आपल्या सेक्टरमध्ये भाजी घेताना दिसतो.

कधी कधी सगळा खेळच या तंबूत बदलतो. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियात डॉन गार्लिट्सच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं. तेव्हा इंजिन ड्रायव्हरच्या पुढे असे आणि ट्रान्समिशन त्याच्या पायांमध्ये. गार्लिट्सच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. इंजिन मागे न्यायचं त्याने ठरवलं. ही कल्पना नवी नव्हती, पण तशा गाड्या सरळ जात नसत. टी. सी. लेमन्स आणि कॉनी स्विंगल या सहकाऱ्यांबरोबर तो खटपट करत राहिला. उपाय साधाच निघाला. स्टिअरिंग मंद केलं, म्हणजे हात जास्त फिरवला तरी चाक थोडंच वळावं. १९७१ मध्ये त्या गाडीने मोठी स्पर्धा जिंकली आणि काही वर्षांत सगळ्यांचीच इंजिनं मागे गेली.

आपल्याकडे हे नवं आहे असं समजू नका. माझं आजोळ पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं. तिथला बैलगाड्याचा घाटही सरळच, आणि हिशेबही सेकंदांचाच. गाव गाड्याचं नाव घेतं. पण बैल जुपणारे, ते धरून उभे राहणारे आणि नेमक्या क्षणी सोडून बाजूला उडी मारणारे, त्यांनी अर्धा क्षण चूक केली तर बारी तिथेच गेली. मोटारींच्या ड्रॅग रेसही लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झाल्या आहेत. विमानाची धावपट्टी आणि हा खेळ यांचं नातं जुनंच. अमेरिकेत १९५० मध्ये सांता आना विमानतळावर तो रीतसर सुरू झाला.

आता तो हात वर केलेला माणूस. चाकं तापवून गाडी मागे येते, तेव्हा ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. हा माणूस त्याला इशाऱ्यांनी, गाडीनेच उमटवलेल्या रबराच्या पट्ट्यांवर परत आणतो. तेवढ्यात बाकीचे वाकून इंजिन बघतात. कुठे थेंब गळतोय का? गळत असेल तर गळ्यावरून आडवा हात फिरवायचा. इंजिन बंद. प्रवास, महिन्याची मेहनत, प्रायोजकाचा पैसा, सगळं त्या एका हातात. आणि तो हात बहुधा पथकातल्या कुठल्यातरी तरुण पोराचा.

हे मला का महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. मी कॅप्टन होतो, डोंगरी भागात वर्कशॉप होतं. संध्याकाळपर्यंत इतक्या गाड्या रस्त्यावर हव्यात, असा मी सकाळपासून धोशा लावला होता. चाक बदललेल्या एका तीन टनी ट्रकवर सही केली. चाक बसवल्यावर थोडं अंतर चालवून नट पुन्हा कसायचे असतात. ते झालं का, हे मी विचारलंच नाही. आठ किलोमीटरवर चाक निघालं. ट्रक डोंगराच्या बाजूला कलंडला म्हणून ड्रायव्हर हाताच्या मोडलेल्या हाडावर वाचला. दुसरी बाजू दरीची होती.

रात्री एक क्राफ्ट्समन माझ्या तंबूत आला. वय एकवीस-बावीस. म्हणाला, "साब, नट दुबारा मैंने नहीं कसे." मी विचारलं, सकाळी का नाही सांगितलंस? तो गप्प उभा राहिला. उत्तर त्याच्याकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. सकाळी मी ज्या आवाजात बोलत होतो, त्या आवाजापुढे कोण म्हणेल की साहेब, थांबा? चौकशीत मी माझ्या सहीबद्दल लिहून दिलं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत सही करण्याआधी मी सगळ्यात धाकट्याला विचारायचो, तुझ्या मनात काही आहे का.

शेजारच्या मुलाला हे सगळं सांगितल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. तो आणि त्याचा मित्र रात्री बाहेरच्या सरळ रस्त्यावर मोटरसायकली पळवतात. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ त्याला ठाऊक होतं. रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे. म्हणाला, नंदिनीची धावपट्टी कोणी देईल का विचारू या. मी म्हटलं, धावपट्टीचं नंतर बघू. आधी उद्या दोघंही गाड्या घेऊन या.

आले. एकाची चेन बोटभर ढिली, दुसऱ्याच्या पुढच्या ब्रेकचं पॅड संपत आलेलं. पाने काढले, दोघांनाही एकमेकांच्या गाडीखाली बसवलं. काम चालू असताना मी मित्राला विचारलं, "हा सुटायच्या बेतात असेल आणि तुला काही गळताना दिसलं, तर तू काय करशील?"

तो शेजाऱ्याच्या मुलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मैं तो रोकूँगा, अंकल. ये रुकेगा क्या, ये पूछिए."

मी पाना खाली ठेवला आणि विचारलं.