पास झाले, पण कुणी काही बोललं नाही

सांगलीच्या एका वस्तीतली मुलगी. रोज मिरजेला जाऊन-येऊन तिने नर्सिंगचा तीन वर्षांचा जी.एन.एम. कोर्स पूर्ण केला. निकाल मोबाईलवर आला तेव्हा आई धुण्याभांड्याच्या कामावर होती, वडील रिक्षावर. रात्री वडील एवढंच म्हणाले, "बरं झालं. आता नोकरी बघ." आईने ताट वाढलं आणि विषय संपला.

पुढे काही दिवस मुलगी धड जेवेना, कुणाशी बोलेना. "हिला काय झालंय बघा," म्हणून आईच आमच्याकडे आली. मुलगी आम्हाला म्हणाली, "नापास झाले असते तर घरात चार दिवस बोलणं झालं असतं. पास झाले तर कुणी चिमूटभर साखरसुद्धा हातावर ठेवली नाही. मग एवढं केलं कशासाठी?"

हा प्रश्न आरोग्याच्या पानावर कशाला, असं काहींना वाटेल. कौतुकाची एवढी हाव कशाला, असंही वडीलधारे म्हणतील. पण ही हाव नाही, माणसाच्या मनाची गरज आहे. केलेल्या कामाचं समाधान दोन ठिकाणांहून येतं. एक आपल्या आतून, कारण कालपर्यंत न येणारी गोष्ट आज येते. दुसरं आपल्या माणसांकडून, कारण त्यांनी ती पाहिली. पहिलं समाधान खरंच असतं, पण दुसरं अजिबात मिळालं नाही तर पहिल्यावरचाही विश्वास उडतो.

याचा परिणाम शरीरावरही होतो. जर्मनीतले संशोधक योहानेस सिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये कामाच्या ताणाबद्दल एक विचार मांडला. माणूस कष्ट पुष्कळ करतो आणि बदल्यात पैसा, मान, नोकरीची शाश्वती यांतलं फारच थोडं मिळतं, तेव्हा तो ताण अंगात मुरतो. अशा ताणाचा हृदयविकाराशी आणि नैराश्याशी संबंध असल्याचं पुढच्या अभ्यासांतून दिसलं. यात पैशाबरोबर मानही मोजला आहे, हे लक्षात घ्या. आपल्या वस्त्यांतले सफाई कामगार, आशाताई, घरकाम करणाऱ्या बाया यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

बाबासाहेबांच्या लहानपणीची गोष्ट इथे आठवते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवाचं नाव दाखल झालं. पुढे कुटुंब मुंबईला गेलं. तिथे ते इंग्रजी चौथी पास झाले, तेव्हा वस्तीतल्या लोकांनी सत्काराची सभा घ्यायचं ठरवलं. रामजीबाबांनी साफ नकार दिला. पोरगा नुसती परीक्षा पास झालाय, सत्काराने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असं त्यांचं म्हणणं. लोक हटले नाहीत. ते केळुसकर गुरुजींना मध्ये घेऊन आले, रामजीबाबा राजी झाले आणि सभा झाली. गुरुजींनी त्या सभेत आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भिवाला भेट दिलं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हे स्वतः सांगितलं आहे. त्या पुस्तकाने आपल्या मनावर खोल परिणाम केला, असंही त्यांनी लिहिलं आहे.

रामजीबाबांचं मुलावर प्रेम नव्हतं, असं कोण म्हणेल? काळजीपोटीच ते गप्प राहणार होते. आपल्या घरातही आईबाप बहुतेकदा काळजीपोटीच गप्प राहतात. वस्तीने मात्र ओळखलं की दुसऱ्यांना ही परीक्षा किरकोळ असेल, आपल्यासाठी ती मोठी आहे.

सरकारदरबारी दखल कधी घेतली जाईल, हे आपल्या हातात नसतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. १९८४ मध्ये ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. पण पदक घेऊन परतले तेव्हा गावकऱ्यांनी बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली होती. गावाने पुरस्काराची वाट पाहिली नाही.

दुसरी बाजूही पाहायला हवी. चौकात फ्लेक्स लागला, फोटोला किती लाईक आले, यावरच आनंद टांगून ठेवला तर तोही आजारच. निंदा-प्रशंसा, यश-अपयश हे लोकधर्म आहेत. ते येतात आणि जातात. त्यांनी ज्याचं चित्त हलत नाही ते मंगल, हे आपण महामंगल सुत्तात म्हणतोच. पण हे स्वतःला सांगायचं असतं. दुसऱ्याचं कौतुक टाळायला ते वापरू नये. दुसऱ्यासाठी आपल्याकडे मुदिता आहे, म्हणजे त्याच्या चांगल्यात मनापासून आनंद मानणं.

मग करायचं काय?

घरात कुणी काही मिळवलं की त्याच दिवशी बोला. "हुशार आहेस" म्हणण्यापेक्षा "रोज पहाटे उठून अभ्यास केलास, ते आम्ही बघत होतो," असं म्हणा. म्युलर आणि ड्वेक या अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की हुशारीची स्तुती ऐकलेली मुलं पुढे अवघड कोडी टाळतात. मेहनतीची दाद मिळालेली मुलं ती हाती घेतात.

शेजारच्या पोराशी तुलना करू नका. पगार न मिळणाऱ्या कामाचीही दाद द्या. त्यात आईचा स्वयंपाक पहिला. रविवारी विहारात वंदनेनंतर पाच मिनिटं ठेवा आणि त्या आठवड्यात कुणी काय केलं ते सर्वांना सांगा. आणि कुणीच बोललं नाही तर आपणच वहीत तारीख घालून लिहून ठेवा: आज मला हे जमलं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

त्या मुलीच्या आईला आम्ही एवढंच विचारलं, "निकाल लागला त्या रात्री तुम्हाला काय वाटलं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "रात्रभर झोप लागली नाही आनंदानं."

"हे पोरीला सांगितलंत?"

नव्हतं सांगितलं. त्या दिवशी घरी जाऊन तिने सांगितलं.