रायरेश्वराची शपथ : कशावरून?

भोर-वेल्ह्याकडची मुले इतिहासाचा प्रकल्प लिहायला बसली की एक वाक्य हमखास लिहितात : १६४५ साली शिवरायांनी रायरेश्वराच्या मंदिरात स्वराज्याची शपथ घेतली. वाक्य सगळ्यांना पाठ असते. पानाच्या तळाशी मात्र बहुधा काहीच नसते, आणि असलेच तर 'इंटरनेट', 'गूगल' किंवा नुसते 'शिवचरित्र'. शिवचरित्र कोणाचे? केळूसकरांचे, बेंद्र्यांचे, पुरंदऱ्यांचे की मेहेंदळ्यांचे? मराठीत शिवचरित्रांना तोटा नाही आणि ती सगळी एकच गोष्ट सांगतात असेही नाही. परीक्षकाने व्हायवाला 'कशावरून?' असा साधा प्रश्न टाकला की विद्यार्थी मार्गदर्शकाकडे बघतो आणि मार्गदर्शक खिडकीबाहेर.

गंमत अशी, की या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी महाराष्ट्रात भोरइतकी सोयीची जागा दुसरी नाही. शिवकाळाविषयी आपण जे बोलतो त्याचा मोठा आधार मावळातल्या देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांवर आहे. कारीचे जेधे, हिरडस मावळातले बांदल, रोहिडखोऱ्याचे देशपांडे अशा घराण्यांनी वतनाच्या भांडणात पुरावा म्हणून कागद जपले. त्यातूनच आपल्याला इतिहास मिळाला.

शपथेच्या वाक्यामागचा मुख्य कागद म्हणजे रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरस प्रभू यांना शिवाजी महाराजांनी १६४५ साली पाठवलेले म्हणून प्रसिद्ध असलेले पत्र. वि. का. राजवाड्यांनी ते 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पंधराव्या खंडात छापले. 'हिंदवी स्वराज्य' हे शब्द याच पत्रातले. आता पत्र उघडून वाचा. त्यात देवापाशी झालेल्या इमानाचा उल्लेख आहे. देवाचे नाव मात्र रोहिरेश्वर असे आहे. ते रायरेश्वराशी जोडण्याचे काम नंतरच्यांनी केले. करंगळी कापून पिंडीवर रक्ताचा अभिषेक, भोवती कोवळे मावळे, हे चित्र त्या पत्रात नाही. शिवाय पत्राच्या अस्सलपणाविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत.

म्हणजे वरवर एकच दिसणाऱ्या वाक्यात तीन-चार वेगवेगळी विधाने दडलेली आहेत. असे एक पत्र आहे, हे एक विधान. त्याचा आधार राजवाड्यांचा खंड. पत्रातला देव म्हणजे रायरेश्वर, हे दुसरे. त्याचा आधार ज्या लेखकाने तसे मांडले त्याचे पुस्तक. पत्र अस्सल आहे किंवा नाही, हे तिसरे, आणि तिथे दोन्ही बाजूंची नावे द्यावी लागतात. करंगळीचे रक्त हे चौथे. ते तुम्ही चित्रात, नाटकात किंवा भाषणात पाहिले-ऐकले असेल तर तसे लिहा. आपल्याकडे होते काय, की चौघांना मिळून एकच तळटीप मिळते आणि तीही अशा पुस्तकाची, जे विद्यार्थ्याने कधी हातात घेतलेले नसते.

इथेच सगळ्या संदर्भशास्त्राचे मर्म आहे असे मला वाटते : जे तुमच्या हातात होते, तेच लिहा. राजवाड्यांचा खंड तुम्ही पाहिला नाही, एका शिवचरित्राच्या तळटिपेत त्याचे नाव वाचले, तर 'राजवाडे, खंड १५' एवढेच ठोकून देणे हे खोटे बोलणे आहे. तिथे 'राजवाडे, मराठ्यांच्या इतिहासाची साधने, खंड १५. उद्धृत' असे लिहून पुढे आपण वाचलेल्या पुस्तकाचे नाव आणि पान द्यायचे. यात कमीपणा काही नाही. उलट मधल्या लेखकाने आकडा चुकीचा छापला असेल तर ती चूक त्याच्या खात्यावर राहते, तुमच्या नाही. एकाची चुकलेली तळटीप पुढचे पाच जण तशीच उतरवतात, आणि त्यातल्या एकानेही मूळ खंड उघडलेला नसतो हे त्या सारख्या चुकीवरूनच उघड होते. चोर पावलांच्या ठशांवरून सापडतो, तसलाच प्रकार.

राजवाड्यांच्या खंडांची एक सोय विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही. या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे एकूण बावीस खंड झाले. त्यांत प्रत्येक कागदाला लेखांक दिलेला आहे. म्हणून इथे पानापेक्षा लेखांक महत्त्वाचा. पुनर्मुद्रणात पान इकडचे तिकडे होऊ शकते, लेखांकाने कागद लगेच सापडतो. केळकर आणि आपटे यांनी संपादलेल्या 'शिवकालीन पत्रसारसंग्रह' या ग्रंथातही नोंदींना क्रमांक आहेत. मात्र तिथे पत्राचा फक्त सारांश मिळतो, हे विसरून चालत नाही. पत्रसारसंग्रहातले वाक्य अवतरणचिन्हांत घालून खाली 'शिवाजी महाराजांचे पत्र' असे लिहिणारे प्रकल्प मी पाहिले आहेत. ते वाक्य महाराजांचे नसते, संपादकांचे असते.

आता कारीला जाऊ. कान्होजी जेध्यांचे हे गाव. जेध्यांच्या घरात एक शकावली होती : शके १५४० ते १६१९, म्हणजे साधारण १६१८ ते १६९७ या काळातल्या घटनांची तिथीवार टिपणे. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तातून त्यांनी ती प्रसिद्ध केली. पुढे १९२५ साली द. वि. आपटे आणि स. म. दिवेकर यांच्या 'शिवचरित्रप्रदीप' या ग्रंथात ती पुन्हा छापली गेली. तोवर बखरींच्या आधाराने शिवजन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ असा मानला जाई. शकावलीने फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी तिथी दिली. परमानंदाच्या 'शिवभारत' या काव्यातही तीच तिथी निघाली, आणि कालांतराने राज्य शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

एका गावातल्या एका घरच्या टिपणाने एवढी उलथापालथ का केली? टिळकांनी कागद कुठून मिळाला, कोणाच्या घरचा, कोणत्या काळाविषयी बोलतो, हे सांगून तो छापला. त्यामुळे दुसऱ्यांना तो तपासता आला, भांडता आले, जुळवून पाहता आला. 'माझ्याकडे एक जुना कागद आहे, त्यात असे लिहिले आहे' एवढ्यावर टिळकांचेही कुणी ऐकले नसते.

शकावलीचा संदर्भ देताना विद्यार्थी नेमका एका ठिकाणी घसरतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकवलेले असते. १५५१ मध्ये ७८ मिळवले की १६२९ येतात, आणि प्रकल्पात शिवजन्माचे साल एका वर्षाने मागे जाते. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते आणि फाल्गुन महिना पुढच्या इसवी सनात पडतो, म्हणून तिथे ७९ मिळवायचे. त्यापुढचा गुंता म्हणजे १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची. आजच्या पंचांगाने तो दिवस १ मार्च १६३० येतो. म्हणून जुन्या कागदाचा संदर्भ देताना मूळ तिथी जशी आहे तशी आधी लिहावी आणि आपण केलेले रूपांतर कंसात द्यावे. चूक झालीच तर वाचणाऱ्याला ती कुठे झाली ते कळते.

तारखेसारखीच घसरण साधनाच्या नावातही होते. तोरणा गडावर धन सापडल्याची गोष्ट घ्या. वेल्ह्यात (या तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे) गडाखाली चहा पिताना ती कुणीही सांगेल. प्रकल्पात ती 'बखरीत म्हटले आहे' अशी येते. कोणत्या बखरीत? सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीत लिहिली गेली, मल्हार रामराव चिटणीसांची एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. दोहोंत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर. दोघांना 'बखर' या एकाच पोत्यात भरले की पुराव्याचे वजनच हरवते.

गॅझेटियरचेही तसेच. पुणे जिल्ह्याचे एक गॅझेटियर १८८५ चे आहे, दुसरे १९५४ चे. साल न देता 'पुणे गॅझेटियर' लिहिणे म्हणजे आजोबांचा पत्ता नातवाच्या नावाने देणे. भोर तर १९४८ पर्यंत पंतसचिवांचे संस्थान होते, त्यामुळे १८८५ मध्ये 'पुणे जिल्हा' म्हणताना भोरचा कोणता भाग अभिप्रेत आहे हेही बघावे लागते.

भोरहून मांढरदेवीचा घाट उतरला की वाई. तिथे मराठी विश्वकोश घडला. पहिला खंड १९७६ चा. विश्वकोशातल्या नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते. संदर्भात 'विश्वकोश' एवढेच न लिहिता नोंदलेखकाचे नाव, नोंदीचे शीर्षक, खंड, साल असे द्यावे. ऑनलाइन वाचली असेल तर कोणत्या तारखेला वाचली तेही. विकिपीडिया वर्ज्य नाही, पण तिचा उपयोग तळाच्या टिपांपर्यंत पोचण्यासाठी. आणि हल्ली संगणकातल्या चॅटबॉटला 'रोहिड्यावरचे संदर्भ दे' म्हटले की तो लेखक, साल, प्रकाशक अशी नीटनेटकी यादी देतो. त्यातली काही पुस्तके कधी छापलेलीच नसतात. ग्रंथपालांकडे जाऊन नोंद मिळवल्याशिवाय असली यादी वहीत उतरवू नये.

सूचीतली बारीकसारीक कामे आता थोडक्यात. आडनाव आधी : 'टिळक, बाळ गंगाधर', 'पुरंदरे, ब. मो.' 'लोकमान्य', 'प्रा.', 'डॉ.', 'आदरणीय' हे सगळे सूचीबाहेर. आदर मजकुरात दाखवायला भरपूर जागा असते. संपादकाला लेखक करू नका, 'संपा.' लिहा. 'तत्रैव' (म्हणजे आधीचाच संदर्भ) जपून वापरा. संगणकावर एखादा परिच्छेद खालीवर सरकवला की तळटीपही सरकते, आणि 'तत्रैव' बिचारे भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागते. लिहिताना प्रत्येक ठिकाणी लेखकाचे आडनाव आणि लघुशीर्षक ठेवा, 'तत्रैव' शेवटच्या हाताला घाला. एपीए, एमएलए, शिकागो यांतली पद्धत महाविद्यालय सांगेल ती घ्यावी. इतिहासाला तळटिपांची पद्धत अधिक सोयीची पडते, कारण 'लेखांक', दप्तरातल्या गठ्ठ्याचा 'रुमाल' अशा गोष्टी कंसातल्या साल-पानात मावत नाहीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे २०१८ चे नियम प्रबंध आणि लघुप्रबंधांसाठी आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, दहा ते चाळीसमध्ये दुरुस्त करून पुन्हा द्यायचे, चाळीस ते साठमध्ये वर्षभर देता येत नाही, साठच्या पुढे नोंदणी रद्द. संदर्भासह दिलेली अवतरणे आणि सूची यांना यातून सूट आहे. पण या टक्क्यांनी मुलांच्या मनात एक वेडी समजूत पेरली आहे : नऊ टक्के आले म्हणजे काम स्वच्छ. जुन्या मराठी पुस्तकाचे पान संगणकावर नसेल तर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ते दिसणार कसे? राजवाड्यांची अख्खी प्रस्तावना उतरवूनही शून्य टक्के येऊ शकतात. रायगडावर ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला यासारख्या सर्वश्रुत गोष्टीला संदर्भ लागत नाही. कुणाचा विचार, कुणाची आकडेवारी, कुणाचा शोध घेतला की लागतो, मग तो आपल्या शब्दांत का मांडलेला असेना.

नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आला आणि भोर-वेल्ह्याच्या मुलांना घरच्याच ओसरीवर साधने सापडू लागली. पानशेत हा त्यातला मोठा विषय. १२ जुलै १९६१ ला बांधकाम पुरे न झालेले पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि पुणे बुडाले. चौकशीसाठी आधी न्या. बावडेकर आणि त्यांच्या मृत्यूनंतर न्या. नाईक यांचा आयोग नेमला गेला. त्या अहवालाचा संदर्भ देताना लेखक म्हणून आयोगाचे नाव येते, सरकारी प्रकाशन म्हणून साल येते. पण धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या, जमीन पाण्याखाली गेलेल्या माणसांची हकीकत त्या अहवालात शोधून मिळणार नाही. ती विचारून घ्यावी लागते, आणि तिलाही पुस्तकाइतकाच शिस्तीचा संदर्भ हवा : कोणाशी बोललो, त्यांचे वय, गाव, तारीख, आवाज ध्वनिमुद्रित केला की हाताने टिपून घेतला, घटनेच्या वेळी ते स्वतः तिथे होते की ऐकीव सांगत होते. शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा, आणि तोच बहुतेक वहीत नसतो.

मुलाखत देणाऱ्या आजी 'माझं नाव नको घालूस हं बाळा' म्हणाल्या तर घालू नये. 'पानशेत परिसरातील वृद्ध महिला, प्रत्यक्ष मुलाखत' आणि तारीख एवढे प्रकल्पात यावे. नाव आणि ध्वनिमुद्रण मार्गदर्शकांकडे ठेवावे. आजींची आठवण आणि आयोगाचा अहवाल यांत घटनांच्या वेळा जुळल्या नाहीत तर आजींची वेळ गुपचूप दुरुस्त करू नये. दोन्ही वेळा लिहाव्यात, दोहोंखाली आपापली टीप द्यावी, आणि व्हायवाला परीक्षकांनी विचारले की दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवावेत.